रामलिंगअप्पा मलशेट्टे आणि मुक्कामाची अट

रामलिंग शंकरप्पा मलशेट्टे (१९५३–२०२५) हे निलंगा तालुक्यातील कोरळवाडीचे. व्यवसायाने ते पिठाच्या गिरणीचे मालक होते. महाशिवरात्रीच्या यात्रेत भरणाऱ्या कबड्डी स्पर्धेसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या संघांच्या मुक्कामाची व्यवस्था तरुणपणापासून त्यांच्याकडे होती. ती कोणी ठराव करून सोपवलेली नव्हती. गिरणीवर सगळ्या गावाचे दळण येते. कोणाच्या घरी गहू आहे, कोणाचे ज्वारीवर भागते, कोठे बाळंतीण आहे आणि कोठे सासू-सुनांचा अबोला आहे, हे गिरणीवर आपोआप कळते. त्यामुळे कोणता संघ कोणत्या गल्लीने ठेवून घ्यायचा, हे अप्पांनी सांगावे आणि गल्लीने ऐकावे, असा रिवाज पडला.

संघ एकदा गल्लीला दिला की तो गल्लीचा पाहुणा. गल्लीने त्याला जेवू घालायचे, अंगाला चोळायला तेल द्यायचे आणि मैदानावर त्याच्यासाठी घसा फोडायचा. जिंकलेल्यांचे कौतुक करायला सगळा मुलूख असतो. हरलेला संघ मात्र गोडाधोडाचे जेवल्यावाचून वेशीबाहेर जाता कामा नये, ही अप्पांची सक्त ताकीद असे.

हा कारभार हाती आला त्याच वर्षी त्यांनी एक संघ बौद्धवस्तीला दिला. तोवर वस्तीकडे कोणी संघ देत नसे. संघाचा व्यवस्थापक गिरणीवर आला आणि आवाज खाली आणून, दुसरीकडे कुठे जमेल का, असे विचारू लागला. अप्पांनी आवाज मुळीच खाली आणला नाही.

"जमंल की. निलंग्याची एसटी त्या लिंबाखाली थांबती. बसा जाऊन."

संघ वस्तीत राहिला, आणि पुढच्या वर्षी त्याने वस्तीच मागून घेतली.

दोन हजार चोवीसच्या यात्रेपूर्वी सरपंच श्रीमंत यांनी स्पर्धा भरवण्याचे काम पुण्याच्या एका कंपनीला दिले. खेळ आणि सहल यांची सांगड घालणे हा कंपनीचा धंदा. खेळाडूंनी आणि त्यांच्या आप्तांनी लातूरच्या हॉटेलात उतरायचे, कंपनीच्या गाडीने मैदानावर यायचे आणि मधल्या वेळात खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला पाहून घ्यायचा. मातीवर मॅट अंथरली जाणार होती, सामने मोबाइलवर दिसणार होते. वेशीवर लागलेल्या भल्यामोठ्या फलकावर अप्पांचे छायाचित्र होते आणि त्याखाली 'मार्गदर्शक' असे छापले होते. अप्पांना ते वाचून बरे वाटले. त्यांनी समजूत करून घेतली की मॅट कंपनीची आणि मुक्काम आपला. तसे नाही, हे त्यांना सांगण्याची तसदी कोणीही घेतली नाही. फोटो मागायला मात्र दोघे जण आले होते.

त्याच समजुतीने त्यांनी किनवटच्या निवासी शाळेतील क्रीडाशिक्षिका महामाया वाठोरे यांना फोनवर शब्द दिला, "पोरींना घेऊन या बाई. सोय हाय." कोरळवाडीचे निमंत्रण आजवर असेच जात आले होते.

मुली किनवटहून रेल्वेने नांदेडला, तेथून एसटीने लातूरला आणि पुढे निलंग्याच्या गाडीने, असा दिवसभराचा प्रवास करून उतरल्या. अप्पांच्या पत्नी दानम्मा यांनी शेजारणींच्या मदतीने आधीच पिठले करून ठेवले होते आणि भाकरी थापणे चालू होते. आरती आत्राम ही संघाची कर्णधार. तिच्या ताटात तिसरी भाकरी पडली तेव्हा ती संकोचली.

"खा गं," दानम्मा म्हणाल्या. "उद्या कुणाला धरायचं तर हातात जोर नको का?"

"आजी, एवढं खाल्लं तर पळायचं कसं?"

"मग बसून धर!"

मुली हसत होत्या, तोच कंपनीचा व्यवस्थापक रविकांत दारात आला. तो मूळचा नांदेडचा, बोलण्यात अदबशीर. मुक्कामाचे आरक्षण नसल्याने किनवटच्या संघाची नोंदणी होऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. अप्पांना वाटले, काही गैरसमज असेल. महामायाबाईंना बरोबर घेऊन ते तडक मैदानावरच्या मंडपात गेले. तेथे सरपंच बसले होते.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, काका," रविकांत म्हणाला. "जो संघ आमच्या हॉटेलात राहतो, तोच खेळतो."

"पोरी खेळायला आल्यात का झोपायला?"

"काका, हॉटेलाला आम्ही खोल्या भरून द्यायचा शब्द दिलाय. त्याच्यावरच मॅट आली, पंच आले. एकाला सोडलं तर उद्या सगळेच घरी राहतो म्हणतील."

"म्हणू दे की! आजवर घरीच राहिले. कोण मेलं त्यात?"

श्रीमंत यांनी मध्ये तोंड घातले. "अप्पा, तुमचा काळ गेला. मागल्या साली वर्गणीला फिरलो तर लोकांनी दारं लावून घेतली. आन् बायका आता रोजानं जातात. परक्याच्या पोरांना रांधणार कोण?"

"माझ्या घरात जाऊन बघ कोण रांधतंय ते. तुझी चुलती केवळाबाई परातीत पीठ मळायलीय."

श्रीमंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, भांडू नका. पोरींना लातूरला हलवा. खोल्यांचं मी बघतो."

आता महामायाबाई बोलल्या. "ते मला जमत न्हाई, साहेब. मुख्याध्यापकांनी मुली सोडल्या त्या घरात राहणार म्हणून. आईबापांनाबी मी तेच सांगितलं. आमच्याकडच्या पाड्यांवरच्या मुली आहेत, हॉटेलात नेऊन ठेवायची मला परवानगी न्हाई."

त्यात न समजण्यासारखे काय होते? दुसऱ्यांची लेकरे पदरात घेऊन निघालेली ती बाई दिलेल्या शब्दाला जागत होती. रविकांतने बाजूला जाऊन पुण्याला फोन लावला. तो बराच वेळ बोलला, एकदोनदा विनवणीच्या सुरातही बोलला. हे त्याच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती.

"स्पर्धेतली जागा दुसऱ्या संघाला दिली म्हणतात."

मैदान कोरळवाडीच्या गायरानाचे. ते खणले, चाळले, पाणी मारून घट्ट केले ते कोरळवाडीच्या माणसांनी. त्या मैदानावर कोणी खेळावे, हे पुण्यातला एक मनुष्य हॉटेलच्या खोल्या मोजून ठरवतो, आणि गावचा सरपंच खुर्चीवर बसून ते ऐकून घेतो! घर हे मुलींना सर्वांत सुरक्षित ठिकाण, आणि घरात उतरणे हाच त्यांचा अपराध ठरला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. नारळ वाढवण्यासाठी अप्पांचे नाव पुकारले गेले. ते व्यासपीठावर चढले, पण नारळाला त्यांनी हात लावला नाही. ध्वनिक्षेपक मात्र घेतला.

"किनवटच्या पोरी माझ्या शब्दावर आल्या. त्यांना खेळू देत न्हाईत. पाव्हण्याला दारातून हाकलून गावानं कधी नारळ फोडलेला मला ठावं न्हाई. मी फोडणार न्हाई. आन् वेशीवरचं माझं थोबाड आजच्या आज उतरवा."

अप्पांच्या गल्लीतील माणसे उठली. बौद्धवस्तीतले बरेच जण उठले. बाकीचे गाव जागचे हलले नाही. दिवे लावलेले होते, निवेदक मुंबईहून आलेला होता आणि मोबाइलवर आपण दिसतो की नाही, याची उत्सुकता मोठी होती. नारळ दुसऱ्या कोणी फोडला आणि सामने वेळेवर सुरू झाले.

अप्पा मुलींसोबत किनवटपर्यंत गेले. महामायाबाई नको म्हणत होत्या. अप्पांच्या गुडघ्यांना प्रवास सोसत नसे. "तुम्ही एकट्यानं जाब द्यायचा काय बाई? शब्द मी दिलता," एवढेच ते म्हणाले. नांदेडहून गाडी सुटल्यावर आरती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"अप्पा, आम्ही हरलो म्हणून सांगायचं, की जिंकलो म्हणून?"

अप्पा तिच्याकडे वळून म्हणाले,

"खेळूच दिलं न्हाई म्हणून सांगा. हरलो म्हणू नका. तेवढं खोटं कुणासाठीबी बोलू नका."

शाळेत मुख्याध्यापकांसमोर त्यांनी उभे राहून सगळी हकीकत सांगितली. खुर्ची दिली, ती घेतली नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या ग्रामसभेत अप्पांनी ठराव मांडला : स्पर्धा कोणीही भरवो, मुक्कामाच्या कारणावरून कोणताही संघ परत पाठवू नये. चर्चा कडाक्याची झाली, पण ठराव मंजूर झाला. श्रीमंत यांनी हात वर केला नाही. विरोधही केला नाही. अशी अट असेल तर आम्हाला परवडत नाही, असे कळवून कंपनी दुसऱ्या तालुक्यात गेली. जानेवारी २०२५ मध्ये अप्पा वारले. पुढच्या यात्रेत वर्गणीसाठी कोणी बाहेर पडले नाही आणि स्पर्धा भरली नाही. गिरणी आता दानम्मा चालवतात.

आरती दहावी उत्तीर्ण होऊन शाळेतून बाहेर पडली. त्या संघातल्या आणखी काही मुली गेल्या. कोरळवाडीकडे त्यांचा एक सामना येणे आहे. तो त्या मुलींना आता देता येणार नाही; पण देणे गावाचे आहे, आणि ते फिटलेले नाही.