पंधरा मिनिटांचे रकाने

भोरमधल्या ज्या कचेरीत मी नोकरी करते, तिचं नाव सांगत नाही. माझं टेबल नकलांचं. जुन्या दप्तरातून कागद शोधायचा, त्याची नक्कल काढायची, शिक्का मारून माणसाच्या हातात द्यायची. एका नकलेला फार तर अर्धा तास. तरी माझ्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा कायम वीतभर उंच असायचा, आणि तरी सगळे मला कामसू बाई म्हणायचे. दोन्ही खरंच होतं. दिवसभर मी काम करतच असायचे, फक्त ते माझं नसायचं.

साहेबांच्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायचाय, मॅडमना कॉम्प्युटर चांगला येतो. कुणी निवृत्त होतंय, फळ्यावर लिहायला मॅडमचं अक्षर चांगलं. हेडक्लार्कना पत्राचा मसुदा जमत नाही, मॅडमची भाषा चांगली. आणि मला हे ऐकायला आवडायचं, हेही कबूल करते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक आजी आल्या. मूळच्या गुंजवण्याकडच्या. जमीन धरणात गेलेली, आता विंझरला लेकीकडे राहायच्या. बदली जमिनीच्या सुनावणीसाठी त्यांना एका जुन्या कागदाची नक्कल हवी होती.

"बाई, म्या तिसऱ्यांदा आले. झाला का कागद?"

माझ्यासमोर साहेबांच्या मुलीचा फॉर्म अर्धा भरलेला होता. तिचा फोटो अपलोड होत नव्हता.

"उद्या या आजी."

"उद्या म्हंजी उद्याच ना?"

"हो, उद्या नक्की."

त्यांनी पिशवी काखेत मारली आणि डेपोकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी आल्या आल्या त्यांची नक्कल काढून ठेवली. त्या आल्या नाहीत. गुरुवारी नाहीत, शुक्रवारीही नाहीत. अर्जावर फोन नंबर नव्हता. शनिवारी सुट्टी होती, म्हणून मी नक्कल पर्समध्ये टाकली आणि विंझरला निघाले. घरचे म्हणाले, पोस्टाने पाठव की. मला ते पटलं नाही.

नसरापूरला गाडी बदलायची होती. विंझरवरून जाणारी वेल्ह्याची एसटी सव्वा तास आली नाही. "येईल की," एवढंच शेजारची बाई दर दहा मिनिटांनी म्हणत होती. पदरात भाजीची जुडी आणि मांडीवर पेंगणारी नात. मी भोरहून सातला निघालेले, विंझरला उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आजींनी ही वाट तीनदा केली होती; मी एकदाच आले होते, तेही माझ्या सोयीच्या दिवशी.

आजी ओटीवर घेवडा निवडत होत्या. मी नक्कल पुढे केली. त्यांनी ती घेतली, घडी उघडून बघितली आणि परत घातली.

"येळ झाला बाई. बुधवारी आमची गाडीच आली न्हाई. गुरुवारी तारीख व्हती, ती गेली."

सुनावणीची तारीख अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलेली होती. मी अर्ज तिथपर्यंत वाचलाच नव्हता.

"पुढची तारीख कधी?"

"देत्याल तवा."

त्यांच्या लेकीने चहा आणला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आजी, कचेरीत कामं फार असतात हो."

"व्हय. म्या बघितलं ना त्या दिवशी. लोकांचंच करीत व्हता." त्यांनी पुन्हा घेवड्याला हात घातला. "आमी काय लोक न्हाई व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर देऊन सुटले असते.

पुढच्याच महिन्यात आमच्याकडे वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी प्रत्येकाला एक तक्ता दिला, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने असलेला. आठवडाभर रोज काय केलं ते लिहायचं, मग साहेबांच्या सहीने तक्ते वर जाणार. हॉलमध्ये हसू पसरलं. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने तिथेच बसून पाचही दिवस भरून टाकले. वरपासून खालपर्यंत एकच शब्द, 'कार्यालयीन कामकाज'.

मी खरं लिहायचं ठरवलं. सोमवारी सव्वाअकरा ते बारा, साहेबांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. बारा ते साडेबारा, हेडक्लार्कच्या मेहुण्याचं तक्रारपत्र. मंगळवारी दुपारी, वाढदिवसाचा केक आणायला बाजारात. माझंही सोडलं नाही. बुधवारी बहिणीशी फोन, पाऊण तास, विषय साड्या. तेही लिहिलं. शुक्रवारी बेरीज केली तेव्हा पाच दिवसांत नकलांच्या वाट्याला एक दिवसही धड आला नव्हता. मी बेरजेखाली सही केली, एक झेरॉक्स काढून घरी ठेवली आणि तक्ता जमा केला.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. हेडक्लार्क आधीच तिथे बसलेले होते.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"जे केलं ते."

"हे वर जाणार आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"हो. म्हणूनच नीट अक्षरात लिहिलंय."

हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, एवढं कोण बघतंय? कोरा तक्ता देतो, परत भरा. दहा मिनिटांचं काम."

"ती दहा मिनिटं कोणत्या रकान्यात लिहू?" मी विचारलं.

साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. मी उचलला नाही. मी म्हणाले, "साहेब, खोटा तक्ता मी देणार नाही. आणि आजपासून नकलांशिवाय दुसरं काम सांगायचं असेल तर लेखी द्या. मी करीन, आणि तेही तक्त्यात लिहीन."

लेखी कुणीच दिलं नाही. माझा तक्ता वर गेला की नाही ते मला आजवर कळलेलं नाही. आठवड्याभरात माझं टेबल मात्र हललं. मागच्या बोळात, दप्तरखोलीच्या दाराशी, जिथे पंखा नाही आणि दुपारीही दिवा लावावा लागतो. शिक्षा म्हणून दिलेली ती जागा मला चांगलीच मानवली. दप्तर हाताशी आलं आणि जाता-येता 'मॅडम, जरा' म्हणणारे थांबले.

मी एसटी डेपोत जाऊन वेल्ह्याकडच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या आणि भिंतीवर चिकटवल्या. ज्याची गाडी आधी, त्याची नक्कल आधी. भोरच्या माणसांना दुपारी तीननंतर. अर्ज घेताना पहिला प्रश्न, 'कागद कधी लागणार?' दुसरा, 'परत कशाने जाणार?' मोबाईल एक वाजेपर्यंत ड्रॉवरमध्ये. बहीण रुसली, मग संध्याकाळी फोन करायला लागली.

भोरमधल्या एका वकिलांनी तीनची वेळ ऐकून आरडाओरडा केला. "मी पाच मिनिटांवर राहतो, मला थांबवता?"

"म्हणूनच थांबवते," मी म्हणाले.

आजींची पुढची तारीख चार महिन्यांनी लागली. तेव्हा त्यांना आणखी दोन कागद हवे होते. सकाळी आल्या, सव्वाबाराच्या गाडीने परत गेल्या. जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही. जाताना त्यांनी माझे आभार मानले नाहीत, आणि मला ते योग्य वाटलं. वेळेवर मिळालेल्या कागदाचे आभार कशाला?

कचेरीत माझ्या टेबलाला आता 'वेल्हे डेपो' म्हणतात. चहाचा ट्रे बोळापर्यंत येत नाही, मी थर्मास आणते. वाढदिवसाच्या फोटोंत मी नसते. वर्षअखेरीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी शेरा मारला, 'सहकार्याची वृत्ती कमी.' त्यावर म्हणणं मांडायला मुदत असते. हेडक्लार्कनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "दोन ओळी लिहा, बदलून घेऊ. साहेब काही वाईट माणूस नाहीत."

मी शेरा पुन्हा वाचला. तो अगदी बरोबर होता. खाली 'मान्य' असं लिहून सही केली आणि बोळात परत आले. वेल्ह्यापलीकडच्या पासली गावचे दोघे भाऊ बाकावर बसले होते आणि त्यांच्या गाडीला चाळीस मिनिटं होती.