शनवाऱ्याच्या गेटात मधोमध

कौतिक महाजनांची खात्री झाली होती की सून आपल्या पाळतीवर आहे. लागोपाठ तीन दिवस, बहादरपुरहून सायकलनं कामावर जाताना, बुऱ्हाणपुरात शिरण्याआधी, वळून पाहिलं की मागे ज्योतीची सायकल दिसायची. तिचा शिवणाचा वर्ग अकराला भरतो. मग ही नऊलाच घराबाहेर का पडते?

कौतिकनाना एकतीस वर्षं पॉवरलूमवर कामाला होते. मागांच्या खडखडाटात डावा कान केव्हाच गेला होता, उजवाही अर्धाच उरला होता. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कारखान्यात कळलं तर घरी बसवतील, घरी कळलं तर सायकल काढून घेतील. त्यामुळे दोन माणसं हळू बोलताना दिसली की आपलंच काहीतरी शिजतंय, असं त्यांना वाटायचं. आठच दिवसांपूर्वी केळीचा एक ट्रक मागून इतका खेटून गेला की ते सायकलीसकट रस्त्याखाली घसरले होते. कोपर सोललं. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

चौथ्या दिवशी शहराच्या जुन्या वेशीच्या, शनवाऱ्याच्या गेटाच्या अलीकडे ते सायकल लावून उभेच राहिले. ज्योती आली तसं त्यांनी मुलाचं नाव घेऊन विचारलं, "हर्षलनं पाठवलं तुला?"

"नाही नाना, मीच आले." ती त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत बोलली. "तुम्हाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. काल त्या रिक्षावाल्यानं पाच वेळा वाजवला."

"कोण म्हणतं ऐकू येत नाही?" नाना भडकले. "मी कडेनं चालवतो. कुणाच्या आडवा जात नाही."

"कडेनं चालवता तेच चुकतंय. तुम्ही नालीला चिकटता म्हणून त्यांना वाटतं, जागा आहे, काढू गाडी. मग दाबतात. हातभर आत या. आणि गेटाशी रस्ता अरुंद होतो ना, तिथं सरळ मधोमध घ्या. त्याला मागं थांबावंच लागेल."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. लग्न होऊन सहा महिने झालेली मुलगी सासऱ्याला ट्रकपुढं मधोमध चालवायला सांगते! हिच्या मनात आहे तरी काय? सायकलीनिशी म्हातारा गेला की घरातली पुढची खोली मोकळी होणार, हा विचारही त्यांच्या डोक्यात येऊन गेला. त्याची त्यांना लाज वाटली, पण तो गेला नाही.

"तूच चालवून दाखव," ते म्हणाले.

ज्योती डोईफोडिया गावची. शाळेसाठी खकनारच्या रस्त्यावर लाकडाच्या ट्रकांमधून सायकल मारत ती मोठी झाली होती. तिनं ओढणी कमरेला खोचली. नाना चहाच्या टपरीपाशी उभे राहून बघू लागले. गेटाच्या बऱ्याच आधी तिनं उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, मागच्या पिकअपवाल्याच्या डोळ्यांत डोळे घातले, हात काढला आणि हळूच मधे आली. पिकअप दबकली. गेट पार होताच ती डावीकडे सरली, पिकअप निघून गेली. ड्रायव्हर काहीतरी ओरडला खरा, पण तोवर ती पुढं गेली होती.

नानांना ते एकदा बघून पटलं नाही. पिकअपवाला तिच्या ओळखीचा असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाहिलं, तिसऱ्या दिवशीही. एकदा टेम्पो होता, एकदा शाळेची बस. सगळेच मागे थांबले. एवढे सगळे काही तिच्या ओळखीचे असू शकत नव्हते.

सोमवारी त्यांनी स्वतः करून पाहिलं. मागं पाहिलं तर पांढरी जीप. ड्रायव्हरनं त्यांना पाहिलंय याची खात्री होईपर्यंत त्यांनी मान पुन्हा पुढं वळवली नाही. मग हात काढून मधे आले. जीपचा हॉर्न वाजत होता की नाही, देव जाणे. ओझरतं मागं पाहिलं तर ड्रायव्हरचं तोंड मात्र हलत होतं, "ओ चाचा, साइड!" नानांनी साइड दिली, पण गेट संपल्यावर.

पुढं दुकानांसमोर गाड्या उभ्या होत्या. एरवी ते गाड्यांमधल्या फटीत आत-बाहेर करत, आज ज्योतीनं सांगितलं तसे हातभर आत, एका रेषेत, दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर राखून चालले. तिसऱ्या गाडीचं दार खरोखरच धाडकन उघडलं. आतल्या माणसानं मागं पाहिलंच नव्हतं. दार नानांच्या डाव्या हँडलपासून वीतभर लांब थांबलं. नेहमीच्या जागी असते तर दारावर आदळून मागून येणाऱ्या गाडीखाली गेले असते. ते शंभर पावलं पुढं गेले आणि उतरून एका ओट्यावर बसले.

संध्याकाळी ज्योती अंगणातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. नाना जवळ गेले.

"डावा कान गेला माझा," ते म्हणाले. "उजवा अर्धा. हर्षलला सांगशील?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्यांनी तिचा चेहरा निरखून पाहिला. पुढचे कितीतरी दिवस हर्षल घरात शिरला की ते त्याच्याही चेहऱ्यावर शोधायचे, हिनं सांगितलं का. काही दिसलं नाही. अखेर पंधरा दिवसांनी त्यांनीच, भाकरी थापणाऱ्या बायकोपाशी, कमलपाशी, विषय काढला.

"मला ऐकू कमी येतं."

"चार वर्षं झाली," कमल मोठ्यानं म्हणाली. "मी काय उगाच ओरडून बोलते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होते. म्हटलं, लपवू द्या."

नाना जेवायला बसले. चार वर्षं हिला माहीत होतं, आणि हिच्या तोंडावर कधी काही दिसलं नाही. आणखी काय काय माहीत असेल हिला? घास घेता घेता ते कमलकडे तिरप्या नजरेनं बघत राहिले.