गायरानातली आमची चूल

आम्ही पारधी. धारूरच्या डोंगराखाली, एका गावाच्या गायरानात आमची झोपडी होती. सातबारा नव्हता, कधीच नव्हता. आमच्यात जागेची खूण म्हणजे चूल. जागा सोडून काही दिवस बाहेर जायचं तर चुलीचे तीन दगड हलवायचे नाहीत. दगड जागेवर आहेत म्हणजे माणसं परत येणार, हे कुठल्याही पारध्याला कळतं. कितीही नड असली तरी दुसरा कुणी तिथं पाल ठोकत नाही.

दुष्काळात पाणी संपलं. आय म्हणाली, गेवराईकडं मामाच्या वस्तीवर जाऊ. मी तेव्हा नुकताच मोर्च्यांना जायला लागलो होतो.

"आय, एकानं तरी थांबावं. जागा रिकामी दिसली की गिळतील."

"दगडं हायत की! ती उचलायला माणूस न्हाई, राक्षस लागंल."

राक्षस लागला नाही. गावची सहकारी सोसायटी पुरली.

परत आलो तर गायरानात चारा छावणी. पत्र्याचं शेड, दावणी, जनावरांसाठी टँकरनं भरलेला हौद. झोपडीच्या जागी पेंडीची पोती. दगडांचा पत्ता नाही.

मी तावातावानं चेअरमनपुढं गेलो. तो खुर्चीतून हललाही नाही.

"का रे, नाव कुठं हाय तुमचं? रिकामं रान व्हतं. मुकी जनावरं जगवायलोत आमी. गाईच्या तोंडचं काढतो का?"

"मोर्चेवाला हाय बे त्यो," शेजारचा खिदळला. "पत्रक काढील आता!"

काढलं. तहसीलसमोर बसलोही. कुणी विचारलं नाही. सहकार म्हणे! ज्याला जमीन तो सभासद, ज्याला जनावर त्याला पाणी. आमच्याकडं दोन्ही नाही, म्हणून आम्ही गायरानात उभी राहिलेली घाण.

आयनं मात्र चेअरमनला एवढंच विचारलं, "मालक, छावणी उठल्यावर तरी?"

"तवाचं तवा बघू. काम पायजे का? शेण उचलायला बाया कमी हायत."

मला वाटलं ती थुंकेल. तिनं पदर खोचला. संध्याकाळी हौदातलं घागरभर पाणी मिळणार होतं.

पाऊस झाला, छावणी उठली. शेड राहिलं. भोवती तारेचं कुंपण आलं, वर सोसायटीच्या गोदामाची पाटी. आम्ही सडकेच्या कडेला राहतो. आय अजून तिथं झाडायला जाते. दुपारी भाकर घेऊन शेडच्या सावलीला टेकते, जिथं ती नांदायला आली, जिथं मी जन्मलो.

गोदामाचा मुकादम लांबूनच ओरडतो, "ए मावशे, तिथं बसू नगं. ऊठ!"

ती उठते.