बाळ्या गेल्यावर लिहिलेले स्क्रॅप

माझा मित्र मेला होता आणि मी त्याला मिशी काढल्याचा फोटो पाठवत होतो.

आज बाळ्याला जाऊन वर्ष झालं.

तिकडे गावी, मखमलाबादला वर्षश्राद्ध चालू असेल. मी मस्कतला. बाहेर आग आणि आत कोल्ड स्टोरेज. अंगात दोन स्वेटर घालून दिवसभर माल हलवायचा. थकलोय खूप. पण आज लिहायचंच.

माझ्या पानावरच्या नवीन मित्रांसाठी सांगतो.

बाळ्या आणि मी सातवीत एकदमच नापास झालो. अस्लम पास झाला, तरी आमच्यातच बसायचा.

बाळ्याची झेंडूची शेती. पहाटे फूलबाजारात माल द्यायचा आणि मग अस्लमच्या सायबर कॅफेत येऊन बसायचा. अस्लम ओरडायचा, "हात धुवून ये साल्या, कीबोर्ड पिवळा केला माझा."

मी मात्र कुठंच टिकलो नाही. सातपूरची कंपनी, ट्रकवर क्लीनर, इगतपुरीचा ढाबा, सुरत. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न निघालं, की मी बॅग भरून घरी हजर.

बाळ्या म्हणायचा, "तुला काम सोडायला कारण लागत नाय गण्या, फक्त एसटी लागती."

मस्कतला निघालो तेव्हा अस्लमनं इंटरनेटवर माझं खातं उघडून दिलं. इथं ड्युटी सुटली की खालच्या कॅफेत जायचो आणि बाळ्याच्या पानावर स्क्रॅप टाकायचो, म्हणजे सगळ्यांना दिसणारे दोन ओळींचे निरोप.

"बाळ्या, फोर्कलिफ्टचं लायसन निघालं. खांद्याची हमाली संपली."

"बाळ्या, मिशी काढली. फोटो बघ. हसू नको."

"बाळ्या, आईनं पोरगी बघितली. निफाडची. बारावी झालेली. मला इंग्लिशमधून शिव्या घालणार."

"जिवंत आहेस का रे? उत्तर तरी दे."

हा शेवटचा टाकला तेव्हा त्याचं तेरावं होऊन गेलं होतं.

कावीळ झाली होती. पेठकडच्या कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध घेत बसला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

आपल्याकडं लांबच्या माणसाला मरण एकदम सांगत नाहीत. "सिरीयस आहे, निघून ये" म्हणतात. हे मलाही माहीत आहे, कारण मीही तेच केलंय.

अस्लमचे अब्बा गेले तेव्हा त्याचा कॅफे नव्हता, तो सटाण्याला गॅरेजात कामाला होता. त्याला आणायला बाळ्या आणि मी गेलो. परत येताना पूर्ण एसटीत बाळ्या जोक मारत होता. पुढं एकदा अस्लम म्हणाला, "मला वाटेत देवळ्यालाच समजलं होतं. बाळ्या एवढा कधी बोलतो का?"

मला तर "सिरीयस आहे" एवढंही कुणी सांगितलं नाही.

आई फोनवर म्हणायची, सगळं ठीक आहे, जेवतोस ना? अस्लमनं तुम्हा जुन्या मित्रांना सगळ्यांना फोन करून बजावलं होतं की बाळ्याच्या पानावर काही लिहू नका. तुम्ही लिहिलं नाही. माझे स्क्रॅप मात्र रोज वाचत होतात.

मग एका दुपारी अस्लमचा फोन आला.

"गण्या, कुठं आहेस?"

"गाडीवर. बोल."

"गाडी बंद कर आधी."

"केली. काय झालं?"

"बाळ्या नाय राहिला रे."

कधी, म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. मी मनात दिवस मोजले आणि त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या.  शेवटी तो एवढंच म्हणाला, "तू निघून आला असता. परत काम गेलं असतं. बाळ्यानंच दवाखान्यात सांगितलं होतं, गण्याला कळवू नका."

मी फोन कापला. त्यानंतर आजपर्यंत अस्लमशी बोललो नाही. त्यानं किती वेळा केला फोन. मी उचलला नाही.

मागच्या आठवड्यात सुनीता वहिनींचा फोन आला. बाळ्याची बायको.

"भाऊजी, अस्लमभाईंवरचा राग सोडा आता. ते दशक्रिया झाल्यावर लगेच सांगणार होते तुम्हाला. मीच नको म्हटलं."

"तुम्ही? का?"

"मृत्यूचा दाखला आणायला गेलो होतो. येताना अस्लमभाई मला कॅफेत घेऊन गेले. तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तुमचा तो बिनमिशीचा फोटो बघून मला हसू फुटलं. मलाच लाज वाटली, असं कसं हसले मी. पण भाऊजी, घरात तेव्हा कुणी ह्यांचं नाव पण घेईना. सगळे कुजबुजत बोलायचे. तुम्ही एकटेच ह्यांच्याशी अरे-तुरे करत होते. मी म्हटलं, लिहू द्या भाऊजींना अजून थोडे दिवस."



मग वहिनी म्हणाल्या, "नंतर तुम्ही लिहिलंच नाय काही. मी अधनंमधनं अस्लमभाईंना विचारते, गणेशभाऊंचं काही आलं का? ते म्हणतात, नाय."

अस्लम, आज संध्याकाळी फोन करतो. शिव्या द्यायच्या असतील तर दे. आणि खालचं वहिनींना वाचून दाखव.

बाळ्या, ऐक.

लग्न ठरलं. दिवाळीनंतर आहे. पोरगी तीच, निफाडची. फोनवर बोलतो आम्ही. इंग्लिशमधून नाही, मराठीतच शिव्या घालते.

साहेबांनी अजून दोन वर्षं ठेवून घेतलंय. मी हो म्हटलं.

वर्ष झालं, काम सोडलं नाही. तू गेलास तरी सोडलं नाही.

तुला पाहिजे होतं तसंच झालं. मला ते अजून बरं वाटत नाही.

दिवाळीला आलो की आधी तुझ्या घरी येतो. तोवर निवांत राहा, मित्रा.

तुझा,
गण्या