सगुणाचा दहीभात

ओसरी अर्धी सारवून झाली होती. उंबऱ्यापासून खांबापर्यंत ओली, पुढं कोरडी. माझे हात कोपरापर्यंत शेणात आणि तोंडात त्या दिवशीच्या अध्यायातल्या ओव्या. तेवढ्यात शेजारची धुरपताबाई परसातल्या कुडाच्या फटीतून वाकून आली. पदराखाली काहीतरी गच्च धरलेलं.

"काकू, आरडू नका."

"मी कामून आरडू?"

तिनं पदर सोडला. खाली उतरलं एक मांजर. करडं, एक कान फाटका, पाठीवरचे केस झडून चट्टे पडलेले. ते माझ्या ओल्या सारवणावर पावलं उमटवत सरळ देवघराकडं निघालं, आणि मी आरडले.

धुरपताबाई मूळची चारठाण्याची. लग्न होऊन चुडाव्याला आली तेव्हापासून मी तिला बघते. उंच, हाडापेरानं मजबूत, हसू आलं की पदराचं टोक दातात धरणारी. तिचा एक गुण मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. ती खोटं बोलत नसे. थोडंसं बोलून थांबे, आणि उरलेलं समोरचा माणूस आपल्या मनानं बोलून टाके. तिच्या सासूनं, चतुराबाईंनी, एकदा विचारलं होतं, "दूध कुणी सांडलं?" धुरपताबाईनं नुसतं खिडकीकडं पाहिलं. चतुराबाई दिवसभर वाऱ्याला शिव्या देत बसल्या.

आणि मांजराच्या बाबतीत चतुराबाईंशी गाठ होती. कधीतरी ऐन एकादशीला एका मांजरानं त्यांच्या शिंक्यावरचं दही खाली आणलं होतं. तेव्हापासून मांजर दिसलं की त्यांचा एकच हुकूम : "सिताराम, पोतं आन." सिताराम म्हणजे धुरपताबाईचा नवरा. आईच्या शब्दाबाहेर नाही. मांजर पोत्यात, पोतं सायकलवर, सायकल स्टेशनावर. नांदेडची पॅसेंजर आली की पोत्याचं तोंड डब्यात मोकळं करून हा माघारी. आमच्या गल्लीतली इतकी मांजरं बिनतिकिटाची नांदेडला गेली की तिथं त्यांनी आमच्या गल्लीच्या नावानं वेगळी आळी वसवली असेल.

"हिला पोत्यात जाऊ देणार न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "जनावराच्या दवाखान्यात दाखवून आणलं. खरूज हाय म्हनले. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं पुसा, वासरापासून आन् लेकरायपासून येगळी ठेवा, हात लावला की हात धुवा. बरी व्हते म्हनले."

"आणि ठेवणार कुठं?"

"सरपणाच्या खोलीत. आत्याबाई वसमतला लेकीकडं हायत तवर बरी झाली तर झाली."

खोली आमच्या दोघींच्या परसाला लागून. तिनं सरपण बाहेर काढलं, खाली गोधडीचा तुकडा अंथरला, राखेची पाटी ठेवली. पुसायला लिंबाचा पाला लागे, म्हणून डहाळे तोडून दाराच्या कडीला अडकवून ठेवले, ताजे राहावेत म्हणून. एवढंच तिनं केलं. पुढचं सगळं चतुराबाईंनी केलं.

त्या अचानकच परतल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदचं चाललं होतं, एसट्या कधी उभ्या राहतील नेम नव्हता, कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. मिळाली त्या गाडीनं त्या आल्या. हातपाय धुवायला परसात गेल्या, आणि बंद दाराला लिंबाचे डहाळे पाहून तिथंच चपला काढल्या. आमच्याकडं घरात कुणाला गोवर-कांजण्या उठल्या की देवी आली म्हणतात. दाराला लिंब लावतात. मग परक्यानं आत जायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही.

"कुणाला आल्या ग देवी?" त्यांनी हळूच विचारलं.

धुरपताबाई घमेल्यातल्या पाण्यात लिंबाचा पाला चुरत राहिली.

"तुझ्या भावाची पोर आणलीस का? चारठाण्याहून?"

धुरपताबाईनं खाली पाहिलं. हात लिंबाच्या पाण्यात होते, त्याच हातानं डोळे पुसले, आणि डोळ्यातून घळघळा पाणी आलं.

"रडू नको माय. नाव काय लेकराचं?"

आता मात्र काहीतरी बोलणं भाग होतं.

"सगुणा."

आतून बारीक आवाज आला. चतुराबाईंनी दोन्ही हात जोडले. "लय कन्हायलंय ग लेकरू!"

मी कुडाच्या अलीकडं उभी होते. माझ्या तोंडातला नामजप कुठं गेला मला कळलं नाही.

त्या दिवसापासून त्या घरात फोडणी बंद. आई म्हणते म्हणजे पोर आत असणारच, असं धरून सिताराम नुसतं उकडलेलं वरण गिळायचा, आणि पोथी वाचायला मागण्याच्या निमित्तानं आमच्याकडं येऊन पिठलं खाऊन जायचा. पोथी एकदाही नेली नाही. देवी घरात असताना दाढी करायची नाही, म्हणून तीही वाढली होती. सरपणाच्या खोलीजवळून जाताना चपला हातात घ्यायचा. गल्लीतल्या बायका लांबूनच नारळ ठेवून जात. त्यांच्या पलीकडच्या कडूबाईनं तर मला आपली विझलेली चूल दाखवून सांगितलं की भिंतीला भिंत लागून असल्यानं तीही फोडणी देत नाही. मी तिची नजर चुकवली.

पण खरी गंमत दह्याची. देवीला थंड लागतं, म्हणून चतुराबाई रोज सकाळी आपल्या शिंक्यावरचं दही स्वतःच्या हातानं उतरवायच्या, भातात कालवायच्या आणि वाटी दारापाशी ठेवून लांब व्हायच्या. ज्या दह्यापायी इतकी मांजरं देशोधडीला लागली, तेच दही एक मांजर आत बसून चाटत होतं. वाटी लख्ख होऊन बाहेर यायची.

"भूक चांगली हाय," चतुराबाई समाधानानं म्हणायच्या.

मला मात्र झोप लागेना. देवीचं नाव घेऊन हे चाललेलं. मी धुरपताबाईला म्हटलं, "अगं, वरून बघते ती."

"मी कुठं नाव घेतलं तिचं? आत्याबाईनंच घेतलं."

शेवटी मी आपली वाट काढली. देवीचं नाव निघालंच आहे तर तिचा मान तरी राहू दे, म्हणून रोज अंघोळ करून त्या डहाळ्याला हळदकुंकू लावू लागले. एकदा लावायला जाताना भिंतीच्या कोपऱ्याशीच चतुराबाईंचा आवाज ऐकला. दाराला कपाळ टेकून बोलत होत्या.

"आई, पाव्हण्याचं लेकरू हाय. माझ्या घरात त्याला काय झालं तर मी तोंड कुठं दाखवू? माझी सगुणा बरी होऊ दे. वरीसभर ह्याच घरात, माझ्या हातचा दहीभात घालीन तिला."

आतून उत्तर आलं. त्यांनी डोळे पुसले.

मांजराच्या पाठीवर नवे केस आले, चट्टे भरले. आता ते गुपचूप आमच्याकडं हलवायचं असं आम्ही ठरवलं होतं. पण ठरल्या दिवशी चतुराबाई आमच्या आधी उठल्या. देवीची पाठवणी म्हणून परस सारवून घेतलं, लिंबाच्या पाण्याचा तांब्या, खण, नारळ आणि दहीभाताची वाटी घेऊन दारापुढं हजर.

"आत्याबाई, तुमी नका. मी घालते अंघोळ."

"सर बाजूला. लेकराचं तोंड तर बघू दे."

कडी निघाली. आतून सगुणा बाहेर आली. गुबगुबीत, शेपूट उभी. ओल्या सारवणावर एकेक पाऊल उमटवत चतुराबाईंच्या पायापाशी आली, दारापुढं ठेवलेली वाटी हुंगली आणि बसून खायला लागली.

मग चतुराबाईंचा आवाज आला.

"सिताराम! पोतं आन!"

सिताराम पोतं घेऊन धावत आला आणि मांजर पाहून थबकला. "मंजी मी इतके दिवस अळणी वरण..." नेमकी तेव्हाच स्टेशनाकडून पॅसेंजरची शिट्टी आली. धुरपताबाईनं मांजर उचलून पोटाशी धरलं. पदर दातात नव्हता. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"खोटारडे!" चतुराबाई म्हणाल्या.

"एक सगुणा सोडलं तर मी काय खोटं बोलले, आत्याबाई?"

चतुराबाईंनी जरा आठवून पाहिलं असावं, कारण त्या माझ्याकडं वळल्या. "तू पोथी वाचतीस. तूच सांग माय. मांजरासाठी बोललेला नवस फेडाय लागतो का?"

मी क्षणभर देवघराकडं तोंड केलं. "नवस तुम्ही देवीला बोललात. बरं कर म्हणालात, तिनं बरं केलं. तिचं काम तिनं केलं. आता तुमचं राहिलं."

"वरीसभर?"

"वर्षभर म्हणाला होतात."

"ह्याच घरात?"

"तेही तुम्हीच म्हणालात."

चतुराबाईंनी मांजराकडं पाहिलं. मांजर त्यांच्याकडं बघत मिशा चाटत होतं.

"मला आधीच संशय यायला पायजे व्हता," त्या म्हणाल्या. "पोरगी चारठाण्याची आन् इतक्या दिसांत एकदाबी तिखट मागंना!"

भिंतीपलीकडं कडूबाई हसली. म्हणजे ती केव्हाची तिथं होती.

"सिताराम, उभा कामून ऱ्हायलास? आणलंच हाय तर हांतर ते पोतं वसरीच्या कोपऱ्यात. आन् तू ग, चारठाण्याची, दात नको काढू. दही माझ्या हातचं, दूध तुझ्या पायाचं. वरीसभर रोज आनायचं. शिंक्यावरचं आजचं संपलं."

पदराचं टोक पुन्हा दातात गेलं. मांजर पोत्यावर उतरवून, हात धुऊन, धुरपताबाई चरवी घेऊन घरात दुभतं असलेल्या मालनबाईकडं विरजणाचं दूध आणायला निघाली.