वरचा डावा कोपरा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मावशींनी दिवसाचा पहिला रॅक भरून टाकीकडे ढकलला. रॅकवर बारा काचा होत्या. काच म्हणायचं ते सवयीने; खरं तर ते हेल्मेटच्या पुढे बसवायचं, वाकवलेलं, आरपार दिसणारं प्लास्टिक. ते पडलं तर फुटत नाही, पण नख लागलं तरी त्यावर ओरखडा उठतो. म्हणून ते एका द्रावणात बुडवायचं, सावकाश वर काढायचं आणि तासभर भट्टीत ठेवायचं. त्यावर जो थर बसतो तो केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही जाड नसतो. पण मग त्यावर तारेची घासणी फिरवली तरी रेघ उमटत नाही.

मावशी त्रेपन्न वर्षांच्या. कारखान्यात त्यांना एकोणीस वर्षं झाली. सकाळी त्या काचा पुसून टांगतात आणि नंतर भट्टीतून निघालेल्या काचा काळ्या कापडासमोर धरून तपासतात. काच आत जाताना शेवटचा हात त्यांचा आणि बाहेर येताना पहिली नजरही त्यांचीच.

टाकीवरच्या माणसाला सगळे कासवराव म्हणतात. त्यांची चाल झपझप आहे, पण टाकीतून रॅक वर काढताना मिनिटाला पंधरा सेंटीमीटरच्या पुढे ते जात नाहीत. घाई केली की थर जाड होतो आणि खाली ओघळ येतात. अकरा वर्षांत त्यांनी घाई केलेली कुणी पाहिली नव्हती.

काच पूर्ण वर यायला दीड मिनिट लागतं. हे दीड मिनिट मावशींचं स्वतःचं. द्रावणाच्या पृष्ठभागातून काच वर येते तेव्हा ती आहे की नाही हेच कळत नाही. फक्त तिची ओली कड सरकताना दिसते. तिच्यात छतावरचे दिवे उलटे तरंगतात, खिडकी लांबते, कासवरावांचा पांढरा कोट पाण्यात पडल्यासारखा हलतो. मग ओल खाली उतरत जाते आणि सगळं जागच्या जागी येतं. मावशींना वाटतं, आपण अजून अंथरुणातच आहोत, आणि हे उठण्याआधीचं शेवटचं स्वप्न आहे. एकदा त्यांना खरंच स्वप्न पडलं होतं की सगळ्या रस्त्यावर अशा काचा टांगल्या आहेत आणि लोक त्यांतून चालत जातायत, कुणाला काही न लागता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

आज मात्र ते दीड मिनिट त्यांना मिळालं नाही. काच अर्धी वर आली आणि ओल्या थरात एक बारीक खळी उमटली. मोहरीएवढी. थर तिथून मागे सरला, जणू त्या जागेला त्याला शिवायचंच नव्हतं.

"आली का?" कासवरावांनी मान न वळवता विचारलं.

"आली. तीन काचांवर."

"चौथा दिवस. आता मी टाकीत उतरून अंघोळच करतो, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल."

"तुम्ही उतरलात तर खळ्या नाही, विहिरीच पडतील."

ते हसले, पण अर्धवट. तीन दिवसांत त्यांनी टाकी दोनदा रिकामी केली होती, गाळण्या बदलल्या होत्या, हवेचा पाइप सोडवून धुतला होता. तरी दोनशे अकरा काचा बाद झाल्या होत्या. थर एकदा भाजला की निघत नाही. बाद म्हणजे थेट भंगारात.

साडेनऊला मालकीणबाई आल्या. पंचावन्नच्या, बोलणं मोजकं. त्यांनी सकाळच्या बाद काचा पाहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून टाकीवर दुसरा माणूस येतोय. कासवराव, तुम्ही पॅकिंगला जा. शिक्षा समजू नका."

"मग काय समजू, बढती?"

"काही समजू नका. मला फक्त कळायला हवं की दोष टाकीचा आहे की हाताचा."

त्या गेल्यावर कासवराव हातमोजे काढून बसून राहिले. पॅकिंगचा विभाग मागच्या बाजूला आहे. तिथे दिवसभर खोकी जोडायची. "तिथे माणूस महिन्याभरात खोक्यांशी बोलायला लागतो," ते म्हणाले. "आणि वाईट म्हणजे खोकी ऐकून घेतात."

मावशी तपासणीच्या टेबलाशी गेल्या आणि बाद काचांचा ढीग पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. त्यांची बघायची एक तऱ्हा आहे: वस्तू समोर धरायची आणि डोकं डावीकडून उजवीकडे हळू न्यायचं, म्हणजे उजेड तिच्यावरून घसरतो आणि खोट दिसते. एकोणीस वर्षांत ही तऱ्हा अंगात इतकी मुरली की घरी त्या ताटं, आरसा, फोन, सगळंच तसं बघतात. तीन वर्षांपूर्वी सून घरात आली तेव्हा तिलाही त्यांनी तसंच बघितलं. सुनेने नवऱ्याला सांगितलं, "तुझी आई मला माल तपासल्यासारखं बघते." ते मावशींच्या कानावर आलं. तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं होतं ते मीठ, चावी आणि गॅस एवढ्यापुरतंच.

एक काच, दुसरी, विसावी. डोकं डावीकडून उजवीकडे. साठाव्या काचेला त्या थांबल्या. खळी वाट्टेल तिथे पडलेली नव्हती. प्रत्येक काचेवर ती एकाच जागी होती, वरच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून दोन बोटं आत.

टाकीतला दोष असता तर खळ्या कुठेही पडल्या असत्या.

त्यांनी एक कोरी काच उचलली, टांगताना धरतात तशी. डाव्या हाताचा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून दोन बोटं आत बसला.

हातमोजे स्वच्छ होते. टेबल स्वच्छ होतं. भिंतीवरची पाटीही जागेवर होती: तेल, क्रीम, पावडर, अत्तर लावून आत येऊ नये. ही पाटी बारा वर्षांपूर्वी मावशींनीच लावायला लावली होती, आणि एका नव्या मुलीला केसांना चपचपीत तेल लावलंय म्हणून दारातून परतही पाठवलं होतं. विचार करता करता त्यांनी टोपीतून निसटलेली बट अंगठ्याने आत सारली, दिवसातून चाळीस वेळा सारतात तशी.

मग त्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

गेल्या रविवारी सुनेने त्यांच्या हातात एक बाटली ठेवली होती. केसांना लावायचं सीरम. "आई, तुमचे केस कोरडे झालेत. हे लावून बघा." तिने स्वतःहून दिलेली ही पहिलीच वस्तू. मावशींनी बाटली डोळ्यांसमोर धरून बारीक अक्षरं वाचली होती. तेलविरहित, असं ठळक लिहिलं होतं. तेल नाही म्हणजे चालेल. सोमवारपासून रोज सकाळी दोन थेंब. आज गुरुवार.

त्यांनी दोन कोऱ्या काचा घेतल्या. एक नव्या हातमोज्याने टांगली. दुसरी टांगण्याआधी अंगठा केसांवरून फिरवला.

"कासवराव, एवढ्या दोन बुडवा."

"काय चाललंय?"

"बुडवा तर."

दीड मिनिट. पहिली काच स्वच्छ वर आली, दिवे उलटे तरंगले, उतरले. दुसरीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओल फाकली आणि खळी पडली.

कासवराव खळीपाशी वाकले. "मावशी, मी पाइप धुतला हो. आतून, ब्रशने."

"माहितीये."

"ही काच इथेच ठेवू या का? कुणाला दिसणार नाही."

"मला दिसली ना."

दोन्ही काचा घेऊन त्या मालकीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि चार वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या. मालकीणबाईंनी काचा उजेडात धरल्या.

"तेल नव्हतं म्हणता?"

"तेल नव्हतं. पण जे काही असेल ते तेलाच्या वरताण आहे."

"सिलिकोन असेल, ते तेलात मोडत नाही. पाटीवर घालायला हवं." त्यांनी काचा खाली ठेवल्या. "कासवराव टाकीवरच राहतील. तुम्ही सोमवारपर्यंत टांगायचं नाही. फक्त तपासणी. केस दोन-तीनदा धुवा."

"बरं."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात, नाही?"

"दुसऱ्यांदा," मावशी म्हणाल्या. "पहिली चूक मी टांगतानाच पकडली होती, म्हणून तुम्हाला कळली नाही."

घरी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. सून टेबलाशी भाजी निवडत होती. मावशींनी बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. तिचा चेहरा उतरला.

"आवडलं नाही का आई?"

"अगं, आवडलं. पण त्याच्यापायी दोनशे काचा गेल्या." आणि त्या बसल्या. खळ्या, अंगठा, कासवरावांनी ब्रशने घासलेला पाइप, सगळं सांगितलं. पाइपापाशी सुनेला हसू आवरेना.

"म्हणजे त्यांचं काम माझ्या बाटलीमुळे जाणार होतं?"

"तुझ्या बाटलीमुळे नाही. माझ्या वाचण्यामुळे."

सुनेने बाटली उचलून उजेडात धरली, डोकं डावीकडून उजवीकडे नेलं आणि म्हणाली, "खोट तर दिसत नाही." मग मान वर न करता म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी लावा. रविवारी रात्री मी शांपूने धुऊन देते."

"देशील?"

"पाठ करून बसावं लागेल. बघता येणार नाही माझ्याकडे."

उद्या पहिला रॅक सात वीसलाच टाकीत उतरेल आणि टाकीवर कासवराव असतील. भट्टी पावणेनऊला उघडते. मावशी नऊला पोचतील, नेहमीपेक्षा दोन तास उशिरा, आणि पहिल्या बारा काचा काळ्या कापडासमोर धरतील.