मोऱ्याचा उजवा कान

गुणाकाकीच्या एकाच कानात बुगडी असायची, डाव्या. उजवा कान मोकळा. नव्या सुना हसायच्या, म्हातारीने एक हरवली म्हणायच्या. मला असा राग यायचा! हरवायला ती काय तुमच्यासारखी वेंधळी होती? शहापूरकडे, शेणवे गावाच्या अंगाला आमचं गाव. तिथे नवऱ्यामागे दोन पोरं आणि भातशेती एकटीने ओढलेली बाई ती. तिची बुगडी कुठे गेली ते मी सांगते.

लढाई चालू होती, त्या दिवसांतला एक वैशाख. गुरांवर बुळकांडी आली. गवताला तोंड लावायचं सोडलेलं जनावर आठवडा काढत नसे. गोठेच्या गोठे ओस पडले. काकीची एकच जोडी, मोऱ्या आणि कबऱ्या. त्यातला मोऱ्या गेला.

आमच्याकडे नांगराचा बैल मेला की त्याला चिरत नाहीत, कातडं काढू देत नाहीत. हळदकुंकू लावून, तोंडात तांदूळ घालून बांधावर अख्खा पुरतात. त्याच्या अंगाला सुरी लागली तर जोडीदार पुन्हा जू घेत नाही, असं म्हणतात. कोणी हसो नाहीतर रडो, आम्ही ते पाळत आलो. काकीनेही मोऱ्याला तसाच पुरला.

दुसऱ्याच दिवशी सावळाराम पाटील सांगत आला. ज्यांचे बैल मेले त्यांना सरकार नवा बैल घ्यायला मदत देतंय, फेडायची नाही. शहापूरला तंबू लागलाय. फक्त मेल्या बैलाचा उजवा कान दाखवायचा, म्हणजे एकाच बैलावर दोघं मदत उचलणार नाहीत. लबाड काय कमी होते? नियमाला मी नाव ठेवत नाही.

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पाऊस तोंडावर. एका बैलावर नांगर चालत नाही. बैल नाही तर लावणी नाही, मग पोरांनी खायचं काय? माझा बाप राघो, म्हणजे काकीचा दीर, कुदळ घेऊन बांधावर गेला. काकी जाऊन त्या मातीवरच बसली. पाटलाने समजावलं, बापाने समजावलं. शेवटी बाप चिडून म्हणाला, मेल्या बैलापायी जिती पोरं मारशील. दुपार टळली तरी ती हलली नाही. मग उठली आणि तिने बापाच्या हातातली कुदळ घेतली.

"तुमी नको, भावजी. माझा बैल हाय, मीच कापीन."

तोंडाला पदर बांधून तिने माती उकरली. कान कापताना ती मोऱ्याशी बोलत होती. काय, ते बापाने कधी सांगितलं नाही. खड्डा तिने बुजवला नाही, वर काट्या टाकल्या. कान परत आणून ठेवायचाय, म्हणाली.

शहापूरला बाप तिच्यासोबत होता. कारकून भला माणूस. त्याने कान पाहिला, मदत दिली, पाणीही दिलं. काकी उठेना. कान परत द्या, म्हणाली. तोवर शिपायाने तो तंबूमागे नेऊन टाकला होता. काकी मागे गेली. तिथे कानांचा ढीग पडलेला. काळे, तांबडे, कबरे, सगळे चुन्याने पांढरे झालेले. ती खाली बसली आणि एकेक उलटून बघू लागली. इतकी वर्षं ज्याचे कान कुरवाळले, त्याचा कान तिला ओळखू येईना. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं बाप सांगायचा.

गावी आल्यावर ती घरी न जाता बांधावर गेली. काट्या बाजूला केल्या, उजव्या कानातली बुगडी काढली आणि मोऱ्याच्या कानाच्या जागी ठेवली.

"तुझा गावला नाय रे," ती म्हणाली, "माझा ठेव."

मग तिने आणि बापाने मिळून माती लोटली.

मदतीचा बैल आला. कबऱ्या जू घेतो की नाही, ते बघायला अख्खं गाव बांधावर जमलं. काकी मात्र पाठ करून उभी राहिली, तिला बघवेना. बापाने जू उचललं. कबऱ्याने थोडा वेळ नव्या बैलाकडे बघितलं आणि मान पुढे केली. त्या साली काकीचं भात घरात आलं.